तुलनागट ठेवणे म्हणजे मुलांवर अन्याय आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी शिक्षणशास्त्रात पीएचडी करते. नंदुरबार जिल्ह्यातल्या १२ आश्रमशाळांत तिसरी-चौथीच्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी जुलै ते नोव्हेंबर रोज एक तास वेगळा वाचनवर्ग घेतला. उत्तरचाचणीत मुलांचे गुण पूर्वचाचणीच्या जवळजवळ दुप्पट झाले. मार्गदर्शक म्हणतात, तुलनागट, म्हणजे हा वर्ग न मिळालेल्या तशाच मुलांचा गट, नाही, त्यामुळे हा पुरावा धरता येणार नाही. पण काही मुलांना मुद्दाम वंचित ठेवायचे हे माझ्या मनाला पटत नाही. शिवाय मुले शिकली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी काय करावे?"

तुमच्या डोळ्यांवर मी अविश्वास दाखवणार नाही. जुलैत अक्षरांपाशी अडखळणारा मुलगा नोव्हेंबरात गोष्ट वाचू लागला, हे तुम्ही त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे. असे काही पाहिलेल्या माणसाला आकड्यांवर बोट ठेवणारा मार्गदर्शक कोरडा वाटणारच. तरी मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. मुले शिकली, हे तुमच्या चाचणीतून कळते. तुमचा तास नसता तर ती किती शिकली असती, हे त्यातून कळत नाही. प्रबंधात तुम्हाला उत्तर द्यायचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाचे.

मी आधी आरोग्याच्या आणि नंतर शिक्षणाच्या क्षेत्रीय संशोधनात मिळून २५ वर्षे काढली आहेत. तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे मी उभी होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका आदिवासी तालुक्यात आम्ही कुपोषित मुलांना शेंगदाणे, गूळ आणि डाळीच्या पिठाचा पूरक आहार दिला. पहिले वजन ऑगस्टमध्ये घेतले, शेवटचे जानेवारीत. मुलांचे गाल भरले, आया आम्हाला हाताला धरून घरी चहाला नेऊ लागल्या. अहवाल अर्धा लिहून झाला होता. तेवढ्यात एका सहकाऱ्याने शेजारच्या, आमचे काम नसलेल्या गावांतल्या अंगणवाड्यांच्या वजनाच्या नोंदी उतरवून आणल्या. तिथेही वजने वाढली होती, आणि आमच्यापेक्षा फार कमी नव्हती. ऑगस्ट म्हणजे कणगीतले धान्य संपलेले, आई दिवसभर लावणीला, पाणी गढूळ, मुलाला जुलाब. जानेवारी म्हणजे भात घरात आलेला, आई घरी, जुलाबाचे दिवस सरलेले. आम्ही ऋतू मोजला होता आणि त्याला आमच्या आहाराचे नाव दिले होते. आहाराचा उपयोग झालाच नाही असे मी म्हणत नाही. किती झाला, हे आम्हाला कधीच सांगता आले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच खर्चात दुसरे काही करावे का, या प्रश्नालाही उत्तर उरले नाही. ती खंत अजून जात नाही.

आता तुमचा जुलै पाहा. मुले महिना-दीड महिना पाड्यावर राहून आलेली. घरी पावरी किंवा भिली, मराठी कानावर नाही, पुस्तक हातात नाही. शाळेत येऊन जेमतेम रुळत असताना अनोळखी ताई समोर बसून मराठी उतारा वाचायला सांगते. मूल गप्प बसते, त्याला शून्य मिळतो. नोव्हेंबरात तेच मूल वसतिगृहाला सरावलेले असते, ताईला ओळखते, आणि मधल्या पाच महिन्यांत त्याच्या वर्गशिक्षकांनीही काही शिकवलेलेच असते. शिवाय तुम्ही मुले निवडली ती चाचणीत सर्वांत खाली आलेली. त्या दिवशी ताप असलेले, झोप न झालेले, घाबरलेले मूलही त्यात आले. अशी तळातली मुले काहीही न करता पुन्हा तपासली, तरी गट म्हणून थोडी वर सरकतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. मागे पडलेल्यांसाठीच्या प्रत्येक उपक्रमाचे यश यामुळे फुगते, मग तो वाचनाचा असो, रक्तदाबाचा असो की पाठदुखीचा. आणखी एक विचारते: दोन्ही वेळा उतारा तोच होता का? चाचणी घेणारी आणि शिकवणारी व्यक्ती एकच होती का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर दुप्पट गुणांतला बराच भाग तिथेच गळतो.

आता वंचित ठेवण्याबद्दल. तुम्ही हा शब्द वापरलात, यावरून मला तुमच्याबद्दल आदर वाटतो. पण या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपण जे देतो आहोत ते हितकारकच आहे. आरोग्यक्षेत्राने या गृहीतकाची फार मोठी किंमत मोजली आहे, आणि त्यातला एक धडा आपल्या नागपूरशी जोडलेला आहे.

दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या स्त्रीला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी हे दाखवून दिले, पुढे अनेक चाचण्यांतून ते पक्के झाले आणि श्रीमंत देशांत ते नेहमीचे उपचार बनले. औषध स्वस्त. मग गरीब देशांत, प्राथमिक केंद्रांपर्यंत आणि दाईपर्यंत ते का पोचवू नये? 'यात कसली चाचणी, देऊन टाका' असे म्हणायला हीच जागा होती. तरीही चाचणी झाली. सहा देशांत, कोणत्या समूहांत इंजेक्शन पोचवायचे याची सोडत काढून. भारतातली दोन केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे १ लाख जन्म त्यात मोजले गेले. निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तेव्हा आम्ही तो दोनदा वाचला. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते. एकूण नवजात मृत्युदर उलट वाढला होता: तुलनेच्या भागात हजारी २३.९, आणि जिथे इंजेक्शन पोचवले तिथे २७.४. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली. गर्भाचे वय नीट मोजण्याची सोय नव्हती, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या अनेकींची बाळे मुळात लहान नव्हतीच. आणि खरोखर लहान जन्मलेल्या बाळाला पुढे ऊब, प्राणवायू, प्रतिजैविक द्यायला जवळ कोणी नव्हते.

तुलनेचे समूह नसते तर ही वाढ कोणाला दिसली असती? हजारात साडेतीन मृत्यू एका दाईला दिसत नाहीत, एका डॉक्टरलाही दिसत नाहीत. पुढे २०२० साली पाच देशांतल्या, बऱ्यापैकी सोयी असलेल्या २९ रुग्णालयांत हेच औषध पुन्हा तपासले गेले. गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवले होते, बाळाच्या देखभालीची व्यवस्था होती. तिथे नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्के इतके उतरलेले आढळले. औषध तेच. भोवतालची व्यवस्था बदलली आणि निकाल उलटला. म्हणून 'हे चांगले आहे हे आपल्याला माहीतच आहे' असे कोणी म्हणाले की मी विचारते: कुठे चांगले, कोणाच्या हातून, आणि पाठीशी काय असताना?

वाचनवर्गाने कोणी दगावणार नाही, हे मला कळते. पण वाचनवर्गही नुकसान करू शकतो. तो तास कुठून काढला? गणिताच्या तासातून? खेळाच्या? 'ढ मुलांचा वर्ग' असे नाव पडून मूल वसतिगृहात चिडवले गेले का? इंटरव्हेन्शनला आपण मराठीत हस्तक्षेप म्हणतो तेव्हा कार्यकर्त्यांना तो शब्द खटकतो आणि ते 'उपक्रम' म्हणतात. मला 'हस्तक्षेप' हाच शब्द प्रामाणिक वाटतो. कोणाच्या तरी दिवसात, शरीरात, घरात आपण हात घालतो आहोत, याची तो आठवण ठेवतो.

तरी समजू, तुमचा तास हितकारकच आहे. मग तो न मिळालेली मुले आज कुठे आहेत? जिल्ह्यातल्या उरलेल्या आश्रमशाळांत. त्यांना तो आजही मिळत नाही, कारण तुमच्याकडे तेवढी माणसे नाहीत. कोणाला आधी द्यायचे हे तुम्ही १२ शाळा निवडल्या तेव्हाच ठरले. कदाचित रस्ता बरा होता म्हणून, कदाचित मुख्याध्यापक उत्साही होते म्हणून. सोडतीने एवढेच होते की आधी कोण आणि नंतर कोण, हे ओळखीवर आणि डांबरी रस्त्यावर ठरत नाही. रांग तर आहेच. ती न्याय्य रीतीने लावली की तुलनागट आपोआप हाती येतो.

बालसखीचा अभ्यास नेमका असाच रचला होता. 'प्रथम' नावाच्या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या सरकारी प्राथमिक शाळांत वस्तीतल्याच, शिकलेल्या तरुणी 'बालसखी' म्हणून नेमल्या होत्या. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. मागे पडलेली १५-२० मुले रोज दोन तास वर्गातून बाहेर काढून त्या शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात त्याचे मूल्यमापन केले. वडोदऱ्यात कोणतीही शाळा कोरडी ठेवली नाही: निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला, निम्म्यांत चौथीला, दुसऱ्या वर्षी अदलाबदल. या शाळेची तिसरी त्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहायची. पहिल्या वर्षी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे हे माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. हा आकडा लहान वाटतो, म्हणून असे समजा: १०० मुलांच्या रांगेत अगदी मधोमध असलेले मूल साधारण ६१ व्या जागेवर सरकते. एवढ्या मानधनात हे फार मोठे यश आहे.

या अभ्यासातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली: मुंबईत दुसऱ्या वर्षी बालसखी ठरलेल्या सगळ्या शाळांत पोचलीच नाही, सुमारे एक तृतीयांश शाळा राहून गेल्या. संशोधकांनी त्या शाळा हिशेबातून वगळल्या नाहीत. सोडतीत ज्या गटात नाव आले त्याच गटात त्यांना मोजले. न पोचलेल्या शाळा सोयीने गाळल्या की उरतात त्या चांगल्या चालणाऱ्या शाळा, आणि सोडत वाया जाते. दुसरी: बालसखीकडे गेलेल्या मुलांचे गुण वाढले, पण मूळ वर्गात मागे उरलेल्यांना, त्यांचा वर्ग लहान होऊनही, फायदा झालेला दिसला नाही. म्हणजे गुण वाढले ते वर्गातली गर्दी कमी झाली म्हणून नव्हे. उपक्रमाचा कोणता भाग काम करतो याचा असा माग लागला पाहिजे. नुसता एकूण परिणाम कळून पुढच्या माणसाला उपयोग नसतो. तिसरी: कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा वाढ ०.१ च्या आसपास उरली होती. तुमच्या नोव्हेंबरच्या चाचणीला उन्हाळी सुट्टीनंतरच्या चाचणीची जोड हवी, ती यासाठी.

सोडत काढली नाही म्हणजे सगळे फुकट, असेही मी मानत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा जो अभ्यास केला, त्यात गावांची सोडत नव्हती. ३९ गावे उपक्रमाची, ४७ तुलनेची. तरी १९९९ साली तो प्रसिद्ध झाल्यापासून जगभर त्याचा आधार घेतला जातो. मी नव्या संशोधकांना तो पुन्हा पुन्हा वाचायला सांगते.

तिथे घाई नव्हती. १९९३ पासून दोन्ही भागांतले जन्म आणि मृत्यू मोजायला सुरुवात झाली. उपक्रमाआधी नवजात मृत्युदर एका भागात हजारी ६२, दुसऱ्यात ५८. म्हणजे सुरुवात जवळपास सारखी. नंतर १९९५-९६ चे एक वर्ष प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी गावांतल्या ७६३ बाळांचे घरी जाऊन नुसते निरीक्षण केले: काय होते, कधी होते, किती बाळांना होते. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि डॉक्टरने पाहिलेली बाळे होती २.६ टक्के. त्यानंतर उपचार सुरू झाले: ऊब, स्तनपान, श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत, आणि सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरणारा जंतुसंसर्ग, ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ९३ टक्के बाळांपर्यंत ही देखभाल पोचली होती. नवजात मृत्युदर २५.५ वर आला; तुलनेच्या भागाशी ताडून निव्वळ घट ६२ टक्के.

एवढी घट केवळ योगायोगाने होत नाही, आणि तुलनेचा भाग जवळपास होता तिथेच राहिल्यामुळे 'काळच बदलला' असेही म्हणता येत नाही. पण मला सर्वांत पटणारा आकडा वेगळाच आहे. सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण उपचारांआधी १६.६ टक्के होते, आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर २.८ टक्के झाले. एकूण मृत्यू का कमी झाले, याची मधली कडी इथे सापडते. सोडत नव्हती ती उणीव इतक्या बाजूंनी भरून काढली होती. तरी उणीव ती उणीवच, आणि एकाच संस्थेचे, एकाच जिद्दीच्या माणसांचे काम दुसरीकडे चालेल का हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रातच अंकुर प्रकल्पात सात ठिकाणी, वेगवेगळ्या संस्थांकडून हे काम करून पाहिले गेले. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये सोडत काढून तपासले, तेव्हा २००८ च्या निकालात नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट दिसली. गडचिरोलीहून कमी, पण खरी. २०११ मध्ये भारत सरकारने आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला, आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा सहा वेळा आणि घरी जन्मलेल्याकडे सात वेळा जाते, त्यामागे ही सगळी साखळी आहे.

मात्र लक्षात घ्या, गडचिरोलीतल्या आरोग्यदूताच्या हाती इंजेक्शन होते, आणि देशभरच्या कार्यक्रमात आशाचा भर भेटी, धोक्याची ओळख आणि बाळाला पुढे पाठवणे यांवर राहिला. नाव तेच ठेवून आतला ऐवज बदलला की जुना ६२ टक्क्यांचा आकडा त्या नावाला चिकटवता येत नाही. कागदावरचा उपक्रम आणि बाळापर्यंत किंवा मुलापर्यंत पोचलेला उपक्रम या दोन वस्तू आहेत. माझ्या मते या क्षेत्रातले बहुतेक वाद या दोन एकच मानल्यामुळे होतात.

बालसखीनंतर 'प्रथम'ने पुढे नेलेल्या, मुलाच्या वाचनपातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीचा प्रवास यासाठी वाचण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपुरात गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. आलेल्या मुलांना चांगला फायदा झाला, पण गावातली जेमतेम ८ टक्के मुले आली. मग सरकारी शिक्षकांनीच ही पद्धत वापरावी असे ठरले. बिहारमध्ये उन्हाळी शिबिरात त्याच शिक्षकांनी ती वापरली तेव्हा मुले शिकली. शाळेच्या नेहमीच्या दिवसात नुसते साहित्य आणि प्रशिक्षण देऊन काही हलले नाही, कारण वर्ष सुरू झाले की शिक्षकाला पाठ्यपुस्तक संपवायचे असते. उत्तराखंडात स्वयंसेवक दिले, तर शाळांनी त्यांना रोजच्या शिकवण्यात जुंपून घेतले आणि पद्धत बाजूला पडली. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोज एक तास वेगळा राखला, त्या तासाला मुले इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवली, आणि शाळांना नियमित भेट देणारे लोक नेमले. तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनच परिणाम दिसला. शिक्षक आळशी होते म्हणून आधी अपयश आले, असा निष्कर्ष काढणारा माणूस हरियाणात खोटा ठरला असता. एकेक चाचणी फसत गेली आणि प्रत्येक वेळी का फसली हे लिहून ठेवले गेले, म्हणून हे कळले.

फसलेल्या चाचण्यांबद्दल एवढे सांगते, कारण 'परिणाम आढळला नाही' असा निकाल आला तर प्रबंधाचे काय, अशी भीती तुमच्या मनात असणार. ती बाळगू नका. नेपाळमध्ये, झारखंड-ओडिशात बाळंतपण आणि बाळाची काळजी यांवर बोलणाऱ्या महिलांच्या गटबैठकांनी नवजात मृत्यू बरेच कमी झाले होते. तेच मुंबईच्या ४८ वस्त्यांत सोडत काढून करून पाहिले, तर फरक आढळला नाही, आणि संशोधकांनी २०१२ साली तसे स्पष्ट छापले. मुंबईत बहुतेक बाळंतपणे आधीच दवाखान्यात होत होती. गटबैठकांनी सुधारावे असे जे खेड्यात होते, ते शहरात त्या रूपात नव्हतेच.

त्याहून माझ्या मनाला लागलेला निकाल पक्षाघाताच्या रुग्णांचा आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कमी, घर मात्र माणसांनी भरलेले. मग सुनेला, मुलाला, बायकोला रुग्णालयातच व्यायाम शिकवून घरी पाठवले तर? भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर ही चाचणी झाली आणि २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचा फरक नाही. मी स्वतः वडिलांचे असे दुखणे काढले आहे. त्यांचा हात रोज वीस वेळा उचलताना मला वाटायचे की यानेच ते उठतील. या निकालाने आमच्या घरच्या सेवेचे मोल कमी झाले नाही. पण थकलेल्या घरच्या माणसांवर सरकारने पुनर्वसनाचे ओझे टाकून मोकळे व्हावे, याला आता कोणी 'पुरावा आहे' असे म्हणू शकत नाही. हे फार मोठे काम त्या चाचणीने केले.

आता तुमच्या कामाकडे येते. झालेल्या १२ शाळा हा तुमचा पथदर्शी टप्पा म्हणून लिहा, आणि त्याला परिणामकारकतेचा पुरावा म्हणू नका. त्यात भरपूर ऐवज आहे: तास खरोखर किती दिवस भरला, कोणत्या शाळेत बंद पडला, किती मुले नियमित होती, कोणता उतारा जड गेला.

पुढच्या जूनला नव्या शाळांची यादी घ्या आणि निम्म्यांना या वर्षी, निम्म्यांना पुढच्या वर्षी असे सोडतीने ठरवा. वडोदऱ्यासारखी तिसरी-चौथीची अदलाबदल तुम्हाला मोहात पाडेल, पण ती करू नका. आश्रमशाळा निवासी असते. चौथीतली बहीण रात्री वसतिगृहात तिसरीतल्या बहिणीला तुमचेच कार्ड वाचून दाखवते. ते फार छान आहे, आणि त्यामुळेच त्या दोन इयत्तांची तुलना बिघडते. सोडत शाळांचीच काढा. ती सगळ्या मुख्याध्यापकांसमोर, डब्यात चिठ्ठ्या टाकून, एखाद्या मुलीच्या हातून काढा. आमच्याकडे एकदा एका अधिकाऱ्याने आपल्या गावाचे नाव आधी घ्यायला सांगितले होते. चिठ्ठ्या सर्वांसमोर निघणार हे कळल्यावर त्यांनीच विषय सोडला.

शाळा किती, याचा हिशेब मात्र नीट करा, बहुतेक प्रबंध इथे घसरतात. १२ शाळांत ३० प्रमाणे ३६० मुले, म्हणून नमुना ३६० असे लिहिले जाते. पण एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात: शिक्षक एक, अधीक्षक एक, जेवण एक. समजा गुणांतल्या एकूण फरकापैकी २० टक्के शाळाशाळांमधल्या फरकामुळे आहे. मग सूत्र असे: १ + (३० − १) × ०.२, म्हणजे ६.८. मुलांच्या संख्येला या आकड्याने भागायचे. तुमची ३६० मुले माहितीच्या दृष्टीने ५३ सुट्या मुलांइतकी भरतात. त्याऐवजी ४० शाळांतून १२-१२ मुले घेतली, तर भागायचा आकडा ३.२ होतो आणि ४८० मुले १५० इतकी भरतात. म्हणून शाळा वाढवा आणि प्रत्येक शाळेतली चाचणीची मुले कमी करा. वर्गात सगळ्यांना बसवा, चाचणी मात्र त्यातल्या चिठ्ठीने निवडलेल्या मुलांचीच घ्या. ४० शाळा एकटीने झेपणार नसतील तर तुमच्याच विभागातल्या आणखी एका विद्यार्थ्याला सोबत घ्या. दोन प्रबंध एका क्षेत्रकामावर उभे राहू शकतात, विषय वेगळे ठेवले की झाले.

चाचणी घेणारा माणूस शिकवणारा नसावा, आणि कोणती शाळा कोणत्या गटात आहे हे त्याला ठाऊक नसावे. त्याला पावरी किंवा भिली येत असावी. सूचना मुलाच्या भाषेत, उतारा मराठीत. शिवाय मराठीतच ऐकून समजण्याचे दोन प्रश्न. नाहीतर 'मूल वाचू शकत नाही' आणि 'मुलाला मराठी कळत नाही' या दोन गोष्टी तुमच्या आकड्यात एकत्र होतील, आणि त्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

संमतीचे एक राहिले. मुख्याध्यापकांची आणि प्रकल्प कार्यालयाची परवानगी ही पालकांची संमती होत नाही. आश्रमशाळेत पालक दूर असतात म्हणून हे सर्रास टाळले जाते. पालक मुलांना सोडायला येतात ते जूनमधले शाळेचे पहिले दिवस गाठा. त्यांच्या भाषेत सांगा, सोडतीचेही सांगा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो, बारा वर्षांपर्यंत तोंडी चालतो. मूल 'नको' म्हणाले तर त्याला चाचणीतून सोडा, वर्गातून काढू नका. आणि सोडतीआधी तुमचा मुख्य निष्कर्ष कोणत्या एका मापावर ठरेल, ते लिहून मार्गदर्शकांकडे आणि नैतिकता समितीकडे तारखेसह देऊन ठेवा. दहा मापे घेतली की एखादे आपल्या बाजूचे निघतेच, आणि तेच उचलण्याचा मोह माझ्यासकट सगळ्यांना झालेला आहे.

तीन वेळा मोजा: जूनमध्ये नको, मुले रुळल्यावर जुलैच्या शेवटी, मग नोव्हेंबरात, आणि पुढच्या वर्षी सुट्टीवरून परत आल्यावर, थांबलेल्या शाळांत वर्ग सुरू होण्याआधी. तिसरी चाचणी झाली की त्याच आठवड्यात तिथला वर्ग सुरू करा. त्यांना तारीख आधीच देऊन ठेवलेली असेल, ती एक दिवसही पुढे ढकलू नका. आणि जुन्या १२ शाळांतल्या तुमच्या तासाच्या हजेरीच्या वह्या याच महिन्यात जाऊन गोळा करा. वार्षिक परीक्षा झाली की त्या रद्दीत जातात.